महाराणांच्या जयंतीला बाबांचं भाषण

परवा आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत महाराणा प्रतापांची जयंती होती आणि माझी पाचावर धारण बसली होती... कारण भाषण माझ्या बाबांचं होतं.

सोसायटीत मराठी घर आमचं एकच. त्यामुळे वीरपुरुष कोणताही असो, माईक आमच्याकडे वळतोच. 'शिवाजी महाराज की धरती से हैं, दो शब्द तो बनते हैं!' हे ठरलेलं.

बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, इतिहासाचं वेड आणि जिभेवर ताबा शून्य. समोर शंभरेक माणसं, निम्मी राजपूत घरांतली. पुढच्या रांगेत केशरी फेटे, आणि प्रत्येक हातात रेकॉर्डिंग चालू असलेला मोबाईल.

सुरुवात झकास झाली. भलेभले राजे बादशहापुढे झुकले, हा रानावनात राहिला पण वाकला नाही... टाळ्या पडल्या. मी जरा सैल बसलो.

मग बाबा थांबले, चष्मा पुसला. घरी ते असे थांबले की आई उठून स्वयंपाकघरात जाते...

"एक बात और. बाद में हमारी मराठा फौजों ने इसी मेवाड को लूटा. ये हम अपने बच्चों को नहीं बताते."

हा व्हिडिओ कुठे कुठे फिरेल, उद्या मुलीला खाली खेळायला कसं पाठवायचं, घरच सोडावं लागलं तर... खरं सांगतो, मी उठून स्पीकरच्या प्लगपाशी गेलो. हातही घातला, ओढायचाच बाकी होता.

"महाराणा के सामने खडा हूँ, तो माफी माँगता हूँ," बाबा म्हणाले आणि फोटोपुढे वाकले.

सगळे मोबाईल तसेच त्यांच्यावर रोखलेले...

तेवढ्यात सी ब्लॉकमधले म्हातारे ठाकूरसाहेब उठले. मूळचे उदयपूरकडचे. काठी टेकत ते सरळ बाबांकडे निघाले.

"मेरी दादी मराठों का नाम लेकर हमें डराती थीं," ते म्हणाले. "माफी माँगने वाला आज पहला मिला. बैठिए, भाईसाहब." आणि बाबांना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

घरी येताना बाबांनी हळूच विचारलं, "ठीक बोललो ना रे?" मी म्हटलं, "बिल्कुल."

प्लगचं काही सांगितलं नाही. बाबा, चुकलो मी... तुम्ही या ग्रुपवर नाही आहात, म्हणून तर एवढं लिहायची हिंमत झाली.