काट्यावरची कदेल

कमल गावस हिच्याशी गोड बोलणारा माणूस पाळी गावात अजून जन्मायचाय. ती सासोलीहून लग्न होऊन इकडे आली. नवरा खाणीवर डंपर चालवायचा. तो वारल्यावर कंपनीनं तिला वजनकाट्यावर बसवलं, आणि तेव्हापासून काट्याच्या खोलीतली कदेल, म्हणजे ती लाकडी खुर्ची, तिची. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन आतल्या जुनाट युनिक्स कॉम्प्युटरवर उमटतं आणि कमल जनेल उघडून ओरडते, "सरक फुडे, तुझ्या बापाशीचो रस्तो न्हय!" ट्रकवाले मनातल्या मनात तिचं श्राद्ध घालतात.

काट्याचा प्रोग्राम त्या खटाऱ्यावरच चालतो, दुसऱ्यावर नाही. त्याचा मुख्य पासवर्ड, ज्याच्याशिवाय आत काही बदलता येत नाही, तो एकट्या कमलला ठाऊक होता. आधीचा इंजिनिअर हेलपाटे घालून कंटाळला, फोनवर तिला पासवर्ड सांगून मोकळा झाला, आणि मग नोकरी सोडून गेला. देवळातल्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली एखादा महाजन जसा कमरेला मिरवतो, तसा ती हा पासवर्ड मिरवायची.

मधे बंद पडलेली खाण पुन्हा चालू झाली तेव्हा मॅनेजर गौरेशनं ठरवलं की वजनं तारेतून थेट पणजीच्या ऑफिसात जायला हवीत. म्हापशाचा कॉम्प्युटरवाला साईश नेटवर्क कार्ड घेऊन आला. कमलला लगेच कळलं. वजन आपसूक पणजीला गेलं तर कदेलीवर माणूस कशाला?

"पासवर्ड सांगा, मावशी."

"मावशी तुझ्या घराकडे! सांगूचंय नाय. मीच घालतंय. तोंड तिकडे कर."

छातीनं कीबोर्ड झाकून तिनं तो घातला. साईशनं कार्ड बसवलं. युनिक्सला नवं कार्ड कळावं म्हणून त्याचा गाभा, म्हणजे मुळातला प्रोग्राम, नव्यानं बांधावा लागतो, तोही बांधला. मशीन बंद करून चालू केलं, तर पणजीहून उत्तर आलं. साईश खूश. बाहेर काट्यावर धाकूचा ट्रक खनिजानं गच्च भरलेला, आणि पडद्यावर शून्य.

"गे कमल, ट्रकात काय कापूस भरलो हा?" धाकू गरजला. मागून हॉर्न सुरू झाले.

"ह्या म्हापशेकराक इचार! माझो काटो मारल्यान ह्यान!"

साईशनं कार्ड काढून परत घातलं, तारा हलवल्या, घाम पुसला. मशीन चालू होताना पडद्यावर काय उमटतं ते शेवटी त्यानं नीट वाचलं. मशीनला हाक मारायला प्रत्येक भागाला एक नंबर असतो. काट्याच्या पोर्टचा नंबर तीन, आणि कार्डही आलं ते तीनावरच. पालखीचा पहिला मान दोन घराण्यांनी मागावा, तशातली गत. त्यानं कार्डावरची नंबर ठरवणारी बारकी टोपी हलवून ते दहावर नेलं. पण गाभ्यातही तीनाचे दहा करायला हवे होते. म्हणजे परत पासवर्ड.

कमलनं हाताची घडी घातली. "आधी माझा काय ता सांगा."

"तुझं काय? तुला कोण काढतंय?" हॉर्न ऐकून आत आलेला गौरेश म्हणाला.

"ह्या भायर जावन सांग. ट्रकवाल्यांम्होरे."

"मॅनेजर मी की तू?"

"मॅनेजर तू. पासवर्ड माझो."

साईश म्हणाला, फ्लॉपीवरून मशीन उठवतो आणि पासवर्ड मोडतो. पण फ्लॉपीच्या खाचेत खाणीची लाल धूळ थापून बसलेली. फ्लॉपी आत गेली ती अडकलीच. कमल हसली. तिचं हसणं शिवीपेक्षा वाईट. बाहेर हॉर्नांनी कान किटले, तसा गौरेश दात खात पायरीवर गेला आणि खेकसला, "कमल काट्यावरच राहणार! ऐकलंत? आता गप्प बसा!"

तिनं पासवर्ड घातला. साईशनं गाभा बांधायला घेतला. तेवढ्यात धाकूनं ट्रक मागे घेताना खांबाला घासला आणि कमल त्याला शिव्या द्यायला जनेलाशी धावली. गौरेशनं मानेनं खूण केली. साईशनं पासवर्डच बदलून टाकला. मशीन परत चालू झालं. काटा बोलू लागला, पणजीही बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी कमल आली तर कदेल बाहेर ओट्यावर. ती आत घुसली, पासवर्ड घातला. मशीन नको म्हणालं. परत घातला, परत नको.

"चोरलंस!"

"कंपनीचंच होतं. घरी जा," गौरेश म्हणाला.

धाकूचा ट्रक पहिला होता. ओट्यावर कमल बसलेली बघून त्यानं काट्याच्या अलीकडेच इंजिन बंद केलं.

"चढव की रे!" गौरेश जनेलातून ओरडला.

"ती भायर कित्याक?"

"तुला तिचा काय पुळका? रोज तिच्या नावानं बोटं मोडतोस."

"मोडतंय. उद्याय मोडतलंय. पण तू काल सगळ्यांम्होरे शब्द दिलंस आणि रातीत गिळलंस. मग माझ्या ट्रकातल्या मातयेचा वजन पणजीक खरा धाडशीत, ह्या कसा मानू? थंय आमचा कोण बसता?"

मागच्या ट्रकांची इंजिनं एकामागून एक बंद झाली. पणजीहून फोन येऊ लागले, वजनं का येत नाहीत म्हणून. गौरेश दुपारपर्यंत ताठ राहिला. मग स्वतःच कदेल उचलून आत घेऊन आला, कुणाकडे न बघता.

कमल बसली. धाकूचा ट्रक काट्यावर जरा वाकडा चढला होता, तो तिनं त्याला खाली उतरवून परत चढवायला लावला.