कपडे पाहणारे भावोजी

पानिपतच्या रणांगणावर आमच्या भावोजींना नेऊन उभं केलं असतं, तर कोण जिंकलं आणि कोण पडलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसतं. पण कोणाच्या अंगरख्याचे बंद चुकीच्या बगलेत होते, ते त्यांनी परत आल्यावर सविस्तर सांगितलं असतं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेब तपासणं हा त्यांचा पोटाचा उद्योग, आणि ऐतिहासिक सिनेमांतले कपडे तपासणं हा जिवाचा. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून त्यांच्यावर लिहायला बसतो आणि दर वेळी रडण्याआधी हसूच येतं. शेवटी म्हटलं, येतंय तर येऊ द्यावं.

इतरांना पडद्यावर राणी दिसे. भावोजींना तिच्या चोळीच्या पाठीवरची चेन दिसे. राजा मरणशय्येवर, सारं थिएटर डोळे पुसतंय, आणि अंधारातून यांचा आवाज, "ही पगडी जन्माला यायला अजून शंभर वर्षं आहेत!" एकदा मागच्या रांगेतला एक तरुण इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागून म्हणाला, "अंकल, कॅन डोन्ट टॉक ऑर नॉट?" भावोजी वळले आणि अत्यंत नम्रपणे त्याला समजावू लागले, की माझं बोलणं थांबेल हो, पण ती प्लॅस्टिकची जरतार कोण थांबवणार?

याबाबतीत त्यांना आपपरभाव नव्हता. स्कॉटलंडच्या जुन्या लढायांचा सिनेमा टीव्हीवर लागला, की चौकड्यांचे किल्ट, म्हणजे चुणीदार घागरेच, नेसलेल्या त्या योद्ध्यांवर ते शत्रूच्या आधी तुटून पडत. "तेराव्या शतकात किल्ट कुठला? आणि प्रत्येक घराण्याचे ठरलेले चौकडे, ते तर अगदी अलीकडचे!" हे टीव्हीला सांगून भागलं असतं. पण त्यांचे स्कॉटिश साहेब ऑफिसच्या पार्टीला किल्ट नेसून आले. भावोजींनी त्यांना एक प्रदक्षिणा घातली, वाकून चुण्या पाहिल्या आणि सांगितलं, की आपलं घराणं थोर असेल, हे चौकडे काही फार जुने नाहीत. ताईने त्यांची बाही ओढली. "अहो, तुमचा इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास त्यांच्या हातात आहे!"

"पास आहे गं. किल्टचा इतिहास नाही."

साहेब इतके हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

अशा माणसाकडे आमच्या मराठी मंडळींनी ऐतिहासिक नाटकाच्या वेशभूषेचं काम सोपवलं, ही चूक आम्हीच करू शकतो. सेफ्टी पिना जप्त झाल्या. वेल्क्रो हा शब्द उच्चारायची बंदी झाली. आयटीतले धडधाकट मावळे बंद बांधायला एकमेकांना बोलावू लागले. कोणी कुरकुरलं तर उत्तर ठरलेलं, "प्रेक्षकांना दिसत नसेल. मला माहीत असेल ना!"

या नाटकात ताई सरदाराची आई होती. लग्नाआधीपासून तिला रंगमंचावर उभं राहायचं होतं. आधी संसार, मग परदेश, असं करत तिची पन्नाशी उलटली होती. प्रवेश एकच, पण त्यात एक लांबलचक स्वगत. ते ती सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये भांडी घासताना म्हणे, शेजारची चिनी आजी दारात येऊन ऐके. अडचण एकच होती. चष्म्याशिवाय ताईला फूटभर पलीकडचं दिसत नसे, आणि लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नसत. भावोजींनी चष्म्याला सपशेल नकार दिला. ताई एवढंच म्हणाली, "बरं. पावलं मोजून चालेन."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. ताई तबक घेऊन आली, डौलात चालली, आणि लढाईला निघालेल्या लेकाला सोडून बाजूच्या पहारेकऱ्याला तिने कुंकू लावलं. "जा बाळा, विजयी हो!" पहारेकरी भाल्यासह थिजला. सरदार पलीकडून हळूच म्हणाला, "आईसाहेब, मी इकडे!" सभागृह खदखदून हसलं. ताई गोंधळून उभी राहिली. स्वगताचा पहिला शब्द काही केल्या येईना. तिची सगळी वर्षं तिथे हसण्यावारी जात होती.

तेवढ्यात विंगेतून भावोजी आले. बुशशर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात ऑफिसचा पास. सतराव्या शतकात ते सरळ चालत गेले, लवून मुजरा केला आणि खिशातून ताईचा चष्मा काढून पुढे धरला. "आईसाहेब, फिरंग्यांनी नजराणा पाठवलाय."

टाळ्या कोसळल्या. ताईने चष्मा घातला, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. आणि मग ती बोलली. काय बोलली! हसणारी माणसं पुढे सरकून ऐकत होती.

परतताना एमआरटीच्या गाडीत माझ्यासमोर भावोजी मांडीवर पगड्यांची पेटी घेऊन बसले होते. शेजारी बसलेल्या ताईने विचारलं, "कसं झालं हो? कपडे बरोबर होते ना सगळ्यांचे?"

"कपडे?" भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी पाहिलेच नाहीत गं. तू बोलत होतीस."

सेम्बावांग आलं, तरी दोघं उठेनात. शेवटी मीच त्यांना हाक मारली. आता वाटतं, गाडी पुढेही जातच होती. बसू द्यायचं होतं दोघांना आणखी थोडं.