भुताच्या अंगावरचा कोट

सुगंधाकाकी पुरुषाचा कोट घालायची. नऊवारीवर, खांद्यात ढगळ, तपकिरी लोकरीचा. मसुऱ्याच्या बाजारात नवखा माणूस तिला बघून हसायचा. आमच्या वाडीतलं कोण हसत नसे.

कोट तिच्या घोवाचा, भिकाजीचा. भिकाजी गलबतावर खलाशी. खाऱ्या वाऱ्यात लोकर कुजते म्हणून कोट घरी ठेवून जायचा. एका वर्षी देवगडाहून गलबत निघालं ते मुंबईस पोचलंच नाही. ना फळी मिळाली, ना माणूस. प्रेत नाही तर दिवस कसे घालणार? काकीच्या कपाळावर कुंकू राहिलं आणि माजघरातल्या खुंटीवर कोट राहिला. दिवाळीआधी ती तो उन्हात घाली, झटकी, परत लावी. घरात ‘मेलो’ कोण म्हणत नसे आणि ‘येतलो’ असंही कोण म्हणत नसे.

अशी सात वर्षं गेली. एकसष्ट सालच्या मे महिन्यात चाकरमान्यांनी शाळेच्या पटांगणात भुताचं नाटक लावलं. विहिरीत ढकललेला माणूस भूत होऊन येतो, असं काहीतरी. भुताचं काम वाडीतल्या बाबलीकडे. नाटकाचे कपडे आम्ही घरोघरी मागून आणायचो. शाल मागा, पातळ मागा, कोणी नाही म्हणत नसे. भुताचे कपडे मात्र कोण देईना. जित्या माणसाचा कपडा भुताला द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बाबली दारोदार फिरून दमला.

नाटकाच्या दिवशी शेजारची यशोदा काकीला न्यायला आली.

“चल गो, घरात बसान काय करतलंस? भियालंस काय?”

“भिवाक काय झाला? चल.”

पुढच्या चटईवर जागा मिळाली. भुताच्या वेळी कोणीतरी ग्यासबत्ती बारीक केली, मागे पत्रा बडवला. विहिरीच्या काठावर आधी दोन पांढरेफटक हात आले, मग तोंड. बायका किंचाळल्या. एक म्हातारी “रवळनाथा, राख रे बाबा!” म्हणून डोळे मिटून बसली. यशोदेनं काकीच्या दंडात नखं रुतवली.

काकी कोपर बघत होती. भुताच्या कोटाच्या कोपराला ठिगळ होतं. तपकिरी दोरा मिळाला नव्हता म्हणून तिनंच ते काळ्या दोऱ्यानं घातलं होतं.

भूत पुढे आलं आणि पुस्तकी मराठीत ओरडलं, “ओळखलंस मला?”

काकीनं मान डोलावली.

पुढे एकदा मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं म्हणून. “काय एक वाटूक नाय,” ती म्हणाली. “यशोदीची नखां रुतली तीवय कळली नाय. घराक येवन दंड बघलंय, तर रगत.”

सकाळी विहिरीवर बायकांनी तिच्या कपाळाकडे बघून नजर फिरवली. कोट सगळ्यांनी ओळखला होता. जित्याचा कपडा भुताला जात नाही, म्हणजे घरच्यांनीच भिकाजीला मेलेला धरला, हे वाडीला नाटकातच कळलं.

ती परतली तेव्हा बाबली कोट घेऊन पडवीत उभा. कॉलरला तोंडाचा पांढरा रंग लागलेला. दीर गुरुदास पेज जेवत होता.

“कोणी दिलो तुका?” काकीनं विचारलं.

बाबलीनं गुरुदासाकडे बघितलं.

“मी दिलंय,” गुरुदास म्हणाला. हातातली पेज थांबली नाही. “सात वर्सां झाली, वयनी. कोणीतरी कधीतरी म्हणाक व्हया होता.”

“मगे म्हणूचा होता. तोंड आसा तुमका.”

“तोंडान जमाक नाय.” त्यानं पेजेचा घोट घेतला. “आणि तो आता खुंटयेक लावू नको. भुतान घातललो कपडो जित्या माणसान वापरूचो नाय. व्हाळाच्या पाण्यात सोड.”

काकीनं ओल्या फडक्यानं कॉलर पुसली. सगळा रंग काही गेला नाही. मग त्या दोघांसमोर तिनं कोट अंगात घातला आणि बटणं लावली.

“ह्या काय गो वयनी?”

“मी जिती आसंय मां? मगे कोट जित्याचो झालो. आता कोणाक भुतासाठी मेळाचो नाय.”

कळशी उचलली आणि ती परत विहिरीवर गेली.

गुरुदासानं दिवस घालायचा विषय परत काढला नाही. हळदीकुंकवाला अर्ध्या घरांनी तिला बोलावलं, अर्ध्यांनी नाही. बोलावलं तिथं ती कोटासकट गेली. बाकीच्यांना तिनं कधी विचारलं नाही.

पुढच्या मे महिन्यात चाकरमानी परत आले, परत नाटक. बाबली काकीच्या अंगणात येऊन उभा राहिला. कोकमाची सोलं वाळत पडली होती.

“काकी, ह्या वर्साक भूत नाय. वकील आसा. एकदम जितो वकील. कोट देतलात?”

“नाय रे. माका थंडी वाजता.”

बाबलीच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“मे म्हयन्यात?”

“मे म्हयन्यातय,” काकी म्हणाली आणि सोलं परतायला वाकली.