अत्तराला जळका वास

ताईला खसचं अत्तर शोभायचं. हे ठरवायला तिने एक अख्खा उन्हाळा घेतला होता.

आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. घराण्यात विणकाम होतं, पण बाबांनी माग मोडून इतवारीत एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली होती. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. बाबांच्या दुकानाजवळच, भांड्यांच्या ओळीत, एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, कुप्यांनी भरलेलं एक लाकडी कपाट आणि समोर दोन माणसं बसतील एवढी गादी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

चाचा कोणालाही पहिल्या वासावर अत्तर विकत नसत. काचेच्या काडीने मनगटावर एक ठिपका लावत आणि सांगत, "घासू नको बेटा. बाजार फिरून ये. तुझ्या कातडीनं त्याचं काय केलं, ते मग पाहू." ताई खरोखरच बाजार फिरून यायची. मोगरा तिच्या अंगावर तासाभरात गोडमिट्ट होऊन जायचा. हिना लावलं की दुपारपर्यंत तिचं डोकं धरायचं. गुलाबाला तर ती म्हणाली, "ही मी नाही वं. हे लग्नघर आहे." खस मात्र तिच्या मनगटावर गार आणि गप्प बसून राहायचं. शाळेत जाताना ती एकच ठिपका लावायची. तो तिच्या शेजारी बसणाऱ्यालाच कळायचा, आणि तेवढाच कळावा असं तिला वाटायचं.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी तिने कुपी उघडली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"हे बिघडलं वाटते."

"काहून?"

"जळका वास येऊन राहिला."

मी हुंगून पाहिलं. खसचाच वास होता, नेहमीचा. तसं मी सांगितलं तर ती म्हणाली, "तुले काय कळते नाकातलं." ते खरंच होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, शेजारची फोडणी कोणत्या तेलाची आहे हे ती भिंतीपलीकडून सांगायची. तिचं नाक म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. चाचांनी कुपी बदलून दिली. आठ दिवसांनी ती नवी कुपीही जळकी निघाली.

मग एका दुपारी ती आरशासमोर केस विंचरत होती आणि मी मागे पुस्तक घेऊन बसले होते. फणीचा आवाज थांबला म्हणून मी वर पाहिलं. फणी केसांत तशीच अडकलेली. ताई आरशात पाहत होती, पण स्वतःकडे नाही. जीभ ओठांवरून फिरवत होती आणि काहीतरी गिळत होती, पुन्हा पुन्हा, तोंडात काही नसताना. मी "ताई" म्हणून हाक मारली. परत मारली. उत्तर नाही. पाच-सात वेळा श्वास घ्यावा इतकाच वेळ गेला असेल. मग तिने फणी खाली ओढली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काही जळून राहिलं का वं? केस जळल्यावानी?"

चूल केव्हाच विझली होती. आम्ही दोघींनी मीटर पाहिलं, वायरी हुंगल्या, गाद्यांची घडवंची हलवली. कुठेच काही नव्हतं. मी तिला हाक मारली होती हे तिला ठाऊकच नव्हतं.

ती वासावर वास चढवू लागली. खसवर केवडा, केवड्यावर मोगरा, कानात फाया, पदराला वेगळं. सकाळी ती खोलीतून बाहेर पडली की आई खिडकी उघडायची. एक दिवस ती शाळेतून लवकर आली. मोठ्या बाईंनी तिला बोलावून, अत्तर जरा कमी लावा, पोरींना मळमळते, असं सांगितलं होतं. हे सांगताना ती हसत होती, पण हात धुत होती, पुन्हा पुन्हा, साबण लावून. "मले माझाच वास येत नाही," ती म्हणाली. "सगळ्याच्या खालून तो जळका येते."

त्यानंतर जे मी केलं ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

एप्रिलचे दिवस, माझी परीक्षा तोंडावर. त्या दुपारी ताईने मला चौथ्यांदा अभ्यासावरून उठवलं. माजघरात उभी करून विचारलं, "आता येते ना? खरं सांग. इथंच आहे." तिच्या कपाळावर घाम होता. डोळे असे झाले होते की मला तिच्याकडे बघवेना. मला पुस्तकाकडे परत जायचं होतं. मी नाक वर केलं, थोडं हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हो. थोडासा येते."

तिचे खांदे एकदम खाली आले. "म्हणजे आहे कुठंतरी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

संध्याकाळी बाबा आल्यावर तिने त्यांना सांगितलं, "धाकटीलेही येते वास." बाबा त्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होते. ते राहिलं. त्यांनी आधी वायरमन बोलावला. घरभर नवी वायर टाकून झाली. मग आढ्यात उंदीर मेला असेल म्हणून छपरावरचे कवेलू उतरवले. मग मागची मोरी खणली. प्रत्येक वेळी मी शिडी धरून उभी असायचे आणि ठरवायचे की आज सांगीन. उघड्या आढ्यातून ऊन थेट आमच्या अंथरुणांवर पडायचं. ताई खाली उभी राहून बोट दाखवायची, "तिकडं पाहा बाबा, तिकडून येऊन राहिला," आणि मध्येच बोट तसंच वर ठेवून गप्प व्हायची, ओठ चाटत. बाबांना वाटायचं ती हुंगते आहे. मला ठाऊक होतं ती हुंगत नाहीये. ती तिथे नाहीच आहे.

जूनमध्ये ती मला घेऊन चाचांकडे गेली.

"माझी कातडीच बदलली असंल, चाचा," ती गादीवर बसत म्हणाली. "खस नाही शोभत आता. दुसरं पाहून द्या."

चाचांनी एकेक कुपी काढली. मोगरा, चंदन, हिना. ताई प्रत्येक ठिपका हुंगायची आणि मान हलवायची. जळकं. हेही जळकं. दोन्ही हात कोपरापर्यंत ठिपक्यांनी भरले. मग चाचांनी काडी फडक्याने स्वच्छ पुसली, बाजूच्या पाण्याच्या लोट्यात बुडवली आणि तिच्या तळहाताच्या मागे उरलेल्या कोऱ्या जागेवर टेकवली. ताई तेव्हा डोळे मिटून बसली होती. मी पाहिलं.

"हे पाहा बेटा. नवीन आहे."

ताईने हुंगलं. "हेही जळलेलं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

चाचांनी कपाट लावलं. भर बाजाराच्या वेळी मी ते लावलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "वडिलांले बोलाव. आत्ताच."

बाबा कापडाची कात्री हातात घेऊनच आले. चाचा उठून उभे राहिले. "भाऊ, माझ्या अत्तरात काही नाही. मी आता पोरीच्या हाताले पाणी लावलं होतं. हिले डॉक्टरले दाखवा. उद्यावर नका टाकू."

"पण धाकटीलेही येते ना वास," बाबा म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या दुकानात एकावर एक रचलेले पाण्याचे पितळी गुंड होते, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग मी म्हणाले, "मले नाही येत, बाबा. कधीच नाही आला. मी खोटं बोलली."

कोणी मला रागावलं नाही. बाबांनी कात्री मिटली आणि खिशात घालायला गेले, ती खिशात मावत नव्हती तरी घालत राहिले. ताईने पदराने हात पुसायला घेतले, एकेक ठिपका. घरी येईपर्यंत सायकलरिक्षात ती माझ्याकडे पाठ करून ते पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या पायरीवर तिला पहिली मोठी फीट आली. मग दवाखाने, फोटो, सुया. शेवटी मुंबईला न्या म्हणाले. डोक्यात गाठ होती. वास तिच्यातूनच निघत होता, बाहेर कुठेही नव्हता. बाबा आणि मामा तिला घेऊन गेले. मी आणि आई त्या नव्या वायरींच्या घरात मुंबईहून येणाऱ्या तारेची वाट पाहत बसलो. दारात सायकल थांबली की आई आतल्या खोलीत निघून जायची, मला एकटीला दार उघडावं लागायचं.

ऑपरेशन झालं, ताई वाचली. दोन महिने आधी नेली असती तर काय फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. बाबांनी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं असेल तर त्यांनी उत्तर स्वतःजवळ ठेवलं.

डोक्याला फडकं बांधून ती परत आली. आता तिला जळका वास येत नव्हता. कसलाच येत नव्हता. तिच्यासमोर दूध उतू जाऊन करपलं तरी ती तिथेच बसून वाचत होती. एकदा स्टोव्हची टाकी गळून ओट्यावर घासलेट पसरलं होतं. दारातून आत येणाऱ्या मलाही वास आला. ताई त्यातच उभी, हातात पेटवायची काडी. आईने झडप घालून तिचा हात धरला. तेव्हापासून आई काड्यापेटी स्वतःच्या कमरेला खोचून ठेवू लागली. ताईने ते पाहिलं.

वर्षभराने शाळेने तिला परत घेतलं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, चाचांकडं जाऊ." मी खसची कुपी दाखवायला सांगितली, तर तिने हात आडवा केला. "खस नको. ते मले आठवते. ज्याचा वास मी कधी घेतलाच नाही, असं काही द्या."

चाचा बराच वेळ कपाटापुढे उभे राहिले. मग त्यांनी शमामाची कुपी काढली. मसाल्यांचं, थंडीत लावायचं अत्तर. बाजार फिरून यायला त्यांनी तिला सांगितलं नाही.

सकाळी ती साडी नेसून तयार झाली आणि मनगट माझ्यासमोर धरलं. मी एक ठिपका लावला. तिने सवयीने ते नाकाशी नेलं, थांबली, आणि हात माझ्याकडे केला.

"आहे ना?"

मी हुंगलं. लवंगेसारखा, थोडा कडवट वास होता. तिच्या अंगावर तो उग्र वाटत नव्हता.

"आहे, ताई. चांगला वाटते."

"खरं?"

"खरं."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तोच हात आईपुढे धरला.