ज्याच्या कोपऱ्यात कुणी नाही

शिमग्याच्या आदल्या दिवशी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीच्या चढावर एक गंमत झाली. लाकडांची गाडी ओढता ओढता आमचा म्हातारा बैल मटकन खाली बसला. माझा धाकटा भाऊ सखाराम त्याच सकाळी मुंबईहून आला होता. तो बैलापुढे उकिडवा बसला आणि एकेक बोट उघडत इंग्रजीत आकडे म्हणू लागला... दहा झाले तरी बैल ढिम्म.

"नॉकआऊट," सखा म्हणाला, आणि गाडीमागची माणसं हसत सुटली.

सखा मुंबईत गोदीजवळच्या एका बॉक्सिंगच्या हॉलमध्ये कामाला आहे. साहेब लोक आणि आगबोटीवरचे गोरे खलाशी तिथे संध्याकाळी मुठी खेळायला येतात. पाण्याची बादली भरायची, टॉवेल द्यायचे, फरशी पुसायची... एवढंच त्याचं काम, असं मी समजून होतो.

पुढचे दोन दिवस आमच्या ओटीवर माणसं जमायची आणि सखा सांगत बसायचा. पडलेला गडी दहा आकड्यांत उठला नाही की तो आऊट. पण साहेब हे शब्द हॉलमध्ये ठेवून घरी जात नाहीत म्हणे. हापिसात, दुकानात, जेवणाच्या टेबलावरही तेच... गाढ झोपलेला माणूस 'आऊट फॉर द काऊंट'. चहूकडून अडचणीत आलेला 'ऑन द रोप्स', म्हणजे मागे सरत सरत रिंगणाच्या दोरांना टेकलेला. धंदा बुडाला तरी धीर न सोडणारा 'डाऊन, बट नॉट आऊट'. आणि एखादी मडम फार देखणी दिसली, तर तीसुद्धा नॉकआऊट.

शेजारच्या भागीकाकी पान लावता लावता म्हणाल्या, "म्हंजे बैल पन त्योच नि बाय पन तीच? धन्य हायत तुजे सायब."

मीही हसलो. पण धुळवडीच्या दिवशी सखाला मागून तीन हाका मारल्या, त्याने वळून पाहिलं नाही. चौथ्या हाकेला मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं.

मग अंघोळीच्या वेळी त्याच्या पाठीवर पाणी ओतताना बरगड्यांवरचे डाग दिसले... काही निळे, काही जुने पिवळे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षं झाली, साहेबांना सरावासाठी समोर उभं राहायला माणूस लागतो, तो सखाच असतो. त्याने मारायचं नाही, नुसतं झेलायचं.

आई गेली तेव्हा सखा सहा वर्षांचा होता. मी त्याला वाढवला. 'जाऊ नको' एवढे दोन शब्द मला ते डाग दिसले त्याच दिवशी बोलता आले असते... पण आमच्याकडे मुंबई सोडून अर्ध्यात परतलेल्याला 'पळून आला' म्हणतात, आणि ते त्याच्या पोराबाळांनाही चिकटतं. ते आपल्या तोंडून कसं सुरू करायचं?

मग आमची माणसं अशा वेळी करतात तेच मी केलं. भैरीच्या देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलं लावली आणि मी मनात विचारलं, सखाला पाठवू का? उजवं फूल पडलं. म्हणजे पाठव. मी हात जोडले आणि घरी येऊन सखाला तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी महाडपर्यंत मोटार मिळाली, पुढे मुंबईच्या बोटीसाठी दासगावच्या बंदरापर्यंत दोघे चालत निघालो. मी त्याच्या उजव्या अंगाने चालत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कुणी हरलं असं कबूल केलं तर साहेब काय म्हणतात?

त्याला म्हणतात, टॉवेल टाकला. नोकरी सोडली तरी, भांडण सोडलं तरी, अमक्याने टॉवेल टाकला... आणि म्हणताना जरा हसतात. पण खेळात तसं नसतं, सखा म्हणाला.

"ज्याच्या हातात ते जाड मोजे, त्याला टॉवेल धरताच येत नाय, दादा. रिंगनाच्या कोपऱ्यात त्याचा मानूस उबा असतो. आता बास, असं त्याला वाटलं की तो टाकतो, नि खेळ थांबतो."

"मग तुझ्या कोपऱ्यात कोण असतं?"

"आमाला कुठला कोपरा?" तो सहज म्हणाला आणि बोचकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी तिथेच वाटेत थांबलो. म्हटलं, "सखा, जाऊ नको. लोकांना मी सांगीन, मीच बोलावला म्हणून."

त्याने बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "देवानं तर उजवा दिलाय ना?"

मी म्हटलं, देवाला मी पाठवू का एवढंच विचारलं. माझ्या पोटात काय आहे ते त्याच्यापुढे ठेवलंच नाही. माणसाने बोलायचं ते मी फुलावर ढकललं, त्याला देव काय करणार...

सखा बोटीत बसला. साहेबाला शब्द दिला होता, आणि खानावळीत त्याचं सामान होतं. बोट सावित्री नदीच्या वळणाआड जाईपर्यंत तो माझ्याकडे तोंड करून उभा होता, एवढं दिसलं.

त्याला आता अडीच महिने होत आले. मागच्या आठवड्यात त्याचं कार्ड आलं. त्यात एकच शब्द आहे, 'येतो'. कधी ते लिहिलेलं नाही.

तेव्हापासून बोटीच्या प्रत्येक दिवशी मी दासगावला जातो. उतरणारी माणसं बघतो, कुणाचं ओझं उतरवायला हात देतो आणि परततो. आता परवा येणारी बोट पावसाळ्याआधीची शेवटची, असं बंदरावर सांगत होते. भाकरी बांधून घेऊन सकाळीच निघेन... येईल, न येईल. पण पन्नाशीला टेकल्यावर का होईना, भावाला तोंडाने 'जाऊ नको' म्हणता आलं, ती बुद्धी देणाऱ्याचे उपकार मानतो.