काडीवर लावलेली शीळ

किस्से भंगारासारखे साचतात. गाळ्याच्या कोपऱ्यात एक वाकडा पाइप टाका, चार दिवसांत त्याच्या सोबतीला गंजका पंखा येतो, मग तुटकी खुर्ची. कुणी आणून टाकलं ते कधीच कळत नाही. आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यातले किस्से तसेच साचलेत. मी त्यातला फक्त गंज काढतो. थोडं पॉलिशही मारतो, नाही असं नाही. पण पाइप खरा आहे, आईशप्पथ!

आम्ही तिघं. मी फिटर, मला सगळे नाना म्हणत. लेथवर पास्कल, मरोळ गावठाणातला, बापजाद्यांपासून तिथला. आणि सावंत. सावंत मूळ मालवणचा, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला, मिल बसली, आणि तो आमच्याकडे ड्रिलवर आला.

शनिवारी हाफ डे. शेठ एकदा गेला की उलट्या खोक्यावर गोणपाट पसरायचं आणि तीन पत्ती!

*

शेठची एकच अट होती. "गोणपाटावर पैसा दिसला तर तिघंही बाहेर."

म्हणून आम्ही काड्यापेटीतल्या काड्यांवर खेळायचो. आता नुसत्या काडीत काय मजा? तेव्हा नियम काढला. दोघंच उरले, समोरासमोर आले, की लिमिट नाही. काडी खाली ठेवायची आणि तिला नाव द्यायचं. "ही काडी माझा उद्याचा चहा." "ही काडी माझ्या डब्यातलं सुकट." जिंकणाऱ्याने काडी जपून ठेवायची, वस्तू मिळाली की परत करायची.

काड्या सगळ्या सारख्याच दिसतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चहावरून आम्ही सुकटावर गेलो, सुकटावरून ओव्हरटाइमवर. वरच्या डावाची चटक अशी, की खालचा डाव मग आळणी लागतो. सावंतला ती सगळ्यात जास्त लागली. "चाय काय लावतस रे? काय तरी जीवाक लागात असा लाव!" असं म्हणून तो आम्हाला हिणवायचा.

*

एका शनिवारी मी माझी खिडकीजवळची जागा लावली. अख्ख्या गाळ्यात वारा फक्त तिथे यायचा. सावंतने शो मागितला, मी हरलो.

पास्कलला एक खोड होती. सिगारेट स्वतःची, काडी नेहमी दुसऱ्याची. बोलता बोलता त्याने गोणपाटावरची काडी उचलली, पेटीवर घासली आणि झुरका मारला.

"साल्या, ती माझी खिडकी होती!" मी ओरडलो.

"मग आता कोणाची?"

सावंत हसत म्हणाला, "जळली ती कोणाचीच नाय. ना तुझी, ना माझी."

सोमवारी येऊन बघतो तर शेठने खिडकी विटांनी बुजवून घेतलेली! पलीकडच्या गाळ्यात भट्टी येणार होती, धूर नको म्हणून. सिमेंट अजून ओलं होतं.

"योगायोग रे," पास्कल म्हणाला. पण त्या दिवशी सिगारेट पेटवायला तो टपरीपर्यंत चालत गेला.

*

त्या भट्टीवर आला धुरी.

उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. भट्टीवर काम करून या माणसाला घाम यायचा नाही. एका शनिवारी तो आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला घ्याल का?" चौथा मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल!

धुरी पत्ते बघायचाच नाही. पहिल्या डावापासून ब्लाइंड. तीन पानं पालथी, त्यावर हात. आम्ही आमची पानं दहादा बघायचो, कपाळाला लावायचो, आणि शोला त्याची पानं आमच्यापेक्षा वरचढ निघायची.

पास्कलला संशय आला. त्याने अंधेरी स्टेशनबाहेरून कोरा कॅट आणला, सगळ्यांसमोर सील फोडलं, स्वतः पिसला, स्वतः वाटला. 

"पत्ते बदला की," धुरी म्हणाला. "मी बघतच नाही, तर मला काय फरक पडतो?"

आणि जिंकला!

*

पास्कलला तेव्हा पंधरवडाभर सर्दी होती. नाक म्हणजे नुसता नळ. तो आणि धुरी समोरासमोर आले, तेव्हा पास्कलने चेष्टेने काडी ठेवली. "ही काडी माझी सर्दी. घे, काय घेतोस!"

धुरी हसला नाही. जिंकला, आणि काडी खिशात टाकली.

रविवारी पास्कल चर्चमध्ये मोकळ्या नाकाने खड्या आवाजात गायला. सोमवारी मधल्या सुट्टीत धुरी आला. नाक लाल, हातात रुमाल. पास्कलसमोर काडी ठेवली आणि म्हणाला, "मिळाली. ही तुझी काडी."

आम्ही थिजलो. पास्कल मात्र उडालाच! "अरे भारी आहे हे! येत्या शनिवारी सासूला लावतो!"

"जिवंत माणूस लावायचा नाही," धुरी रुमालातून म्हणाला. "माणसाचं जे काही असेल, ते चालतं."

हा नियम आमचा नव्हता. आमच्यापैकी कुणीच तो केला नव्हता.

*

आता सावंतची शीळ.

साच्याच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून सावंत मिलमध्ये दोन बोटांची शीळ शिकला होता. आधी लांब, मग तुटक, शेवटी वर चढणारी. संध्याकाळी चाळीखाली पोचला की तो ती घालायचा. दुसऱ्या मजल्यावर त्याची बायको, सुरेखावहिनी, गॅलरीत यायच्या, त्याला बघायच्या आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायच्या. लग्नापासूनचा रिवाज. संपाच्या दिवसांत घरात चहापत्ती नसायची, तरी शीळ व्हायची आणि वहिनी गॅलरीत यायच्या.

"मिल गेली, साचो गेलो," सावंत म्हणायचा, "पण शीळ माझी आसा."

त्या शनिवारी सावंतची पानं चढती होती. एकामागून एक डाव मारले. समोर उरला धुरी. सावंतने चहा लावला, धुरीने नकाराची मान हलवली. ओव्हरटाइम लावला, पुन्हा मान.

"लहान लावून काय मिळतं?" धुरी म्हणाला. "तूच म्हणतोस ना, जीवाला लागेल असं लाव?"

सावंतच्या हातात राण्यांची जोडी होती, मी बघितली होती. त्याने काडी आपटली. "ही माझी शीळ!"

धुरीने पानं उलटली. एक्क्यांची जोडी.

त्याने काडी उचलून कानामागे खोचली आणि भट्टीकडे गेला. सावंतने हसत दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा तो हसत नव्हता.

*

मंगळवारी सावंत कामावर आला तो पांढराफटक.

"सुरेखा इचारता," तो म्हणाला, "काल दुपारी खाली येऊन शीळ घातलीत, मी गॅलरीत आले, मग वर का नाही आलात?"

सोमवारी दुपारी सावंत ड्रिलवर होता. माझ्या शेजारी.

"खाली कोण दिसलं त्यांना?" पास्कलने विचारलं.

"कोणीच नाय."

मग ते रोजचंच झालं. दुपारी शीळ, वहिनी गॅलरीत, खाली मोकळं अंगण. संध्याकाळी सावंत खाली उभा राहून हाक मारायचा, तर वहिनी बाहेरच येत नसत. म्हणायच्या, "तुमची हाक मला ओळखूच येत नाही हो. शीळ घाला ना!"

*

शनिवारी सावंत गोणपाटावर धुरीसमोर बसला. आम्ही पानं घेतलीच नाहीत.

"माझी शीळ माका परत होई," सावंत म्हणाला.

धुरीने कानामागची काडी खाली ठेवली. "हिच्याहून मोठं लाव."

सावंतने खिसे चाचपले, जणू तिथे काही सापडणार होतं. मी म्हटलं, "सावंता, ऊठ. नवीन शीळ शीक. पास्कल शिकवील."

"तू गप रे, नाना." त्याने पेटीतून काडी काढली. "ज्याच्यासाठी शीळ घालतंय, ता. सुरेखाची नि माझी वळख. ही काडी ती."

त्या दिवशी सावंत ब्लाइंड खेळला. आणि धुरीने, आम्ही पहिल्यांदाच बघितलं, पानं उचलून पाहिली. पाहिली आणि खाली ठेवली.

"शो," सावंत म्हणाला.

धुरीची पानं: राजांची जोडी. सावंतने एकेक उलटलं. सत्ती. अठ्ठी. तिसरं पान उलटायला त्याला जमेना, पास्कलने उलटलं. नव्वी!

रन! ओळीची तीन पानं, जोडीला भारी! आम्ही असे ओरडलो की पलीकडच्या गाळ्यातून कुणीतरी पत्रा बडवला. मी सावंतला मिठी मारली, सावंत रडत होता, पास्कल नाचत होता.

धुरी उठला. दोन्ही काड्या सावंतकडे सरकवून म्हणाला, "तुझ्या तुला. लवकर उचल."

तो दाराबाहेर पडला आणि मागून आवाज आला. फर्रर्र.

पास्कल. तोंडात सिगारेट, हातात पेटलेली काडी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. गोणपाटावर एकच काडी उरली होती.

पास्कलने आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या काडीकडे. ती बोटापर्यंत जळत आली तरी त्याला भाजल्याचं कळलं नाही.

"कुठली होती?" त्याने विचारलं.

सावंतने सावकाश दोन बोटं तोंडात घातली. लांब, मग तुटक, मग वर चढणारी. पत्रे घुमले, अशी शीळ!

"आली!" पास्कल ओरडला. "आली रे आली! शीळ वाचली!" त्याने माझा हात धरला, मीही हसलो. मग आमचं हसू एकदमच थांबलं, कारण सावंत हसत नव्हता. तो उरलेल्या काडीकडे बघत होता.

तिघंही निघालो. चाळीच्या अंगणात उन्हं अजून होती, दोरीवर कपडे वाळत होते. सावंतने शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि शीळ घातली.

दुसऱ्या मजल्यावर दार वाजलं. वहिनी गॅलरीत आल्या, पदराला हात पुसत. खाली बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई, नानाभावजी! पास्कलभावजी! वर या ना, आधण ठेवतेच. हे यायचेत अजून." मग त्या जरा वाकल्या, डोळ्यांवर हात धरून. "आणि हे तुमच्याबरोबर कोण?"