आधी वायर, माणूस शेवटी

रविवार, दुपारची वेळ, औरादचं आमचं विहार. माणिकअण्णाच्या पुण्यानुमोदनाला हजर: त्याची बायको रमावहिनी, हैदराबादहून आलेली मुलगी आणि जावई, ढोलकीवाला गौतम, आमच्या गायन मंडळाच्या सगळ्या बाया, बाजाराच्या ओळीतले दुकानदार, जनवाड्याहून टेम्पो करून आलेले मांडववाले आणि माझी थोरली बहीण शेवंताअक्का. मंडळाची चिटणीस मी, त्यामुळे कुठंही गेलं की हजेरी आपोआप डोक्यात लिहिली जाते. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, मग अक्का माईकसमोर बसली. नेहमीप्रमाणे मशीनवरचं पहिलं बटन तिनं थोडं फिरवलं आणि गायला लागली. आवाज स्वच्छ होता, अगदी दारात चपलांपाशी उभ्या असलेल्यांपर्यंत स्वच्छ. पण तिनं बटन पुन्हा फिरवलं. मग आणखी. दुसऱ्या कडव्यात मध्येच थांबली, माईक बाजूला सारला आणि म्हणाली, "अण्णा गेला, माझा आवाज बी संगं घेऊन गेला. आता मी न्हाई गायची." बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुःखानं गळा दाटला असं सगळ्यांना वाटलं. त्या दिवसापासून अक्का गायलेली नाही. तिच्या आवाजाला काहीही झालेलं नाही, हे तिथं मला एकटीला माहीत होतं. ते कसं, हे सांगायचं तर माणिकअण्णापासूनच सुरुवात करावी लागेल.

माणिकअण्णा आमचा मामेभाऊ. औरादच्या बाजारात त्याचं ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान, आणि आमच्या मंडळात तो बेंजो वाजवायचा. अंगानं किरकोळ, तोंडानं भक्कम. "फाटक्या आवाजाचा डॉक्टर या भागात एकच, आनी तो जेवायला गेलाय," असं स्वतःच सांगून जेवायला जायचा. दुकानात मराठी, कन्नड, दखनी सगळं एकाच वेळी चालायचं. कुणी मांडववाला घाईनं मशीन आणून आदळायचा, "उस्ताद, आवाज फट रा!" की हा म्हणायचा, "पहले बैठ, चाय पी. मशीन भागती नै." मग प्रश्न सुरू. हळू लावल्यावर बी फाटतो का मोठा केल्यावरच? स्पीकरच्या सगळ्या डब्यांतून फाटतो का एकाच? लाइट कुठून घेतली होती, वायर किती लांब ओढली? मशीन उघडायच्या आधी एवढं विचारून घ्यायचा की समोरचा माणूस वैतागायचा. मला मात्र ते फार आवडायचं. हळू आवाजातसुद्धा घरघर असेल तर कुठंतरी काही सैल किंवा घासत असणार. मोठा केल्यावरच फाटत असेल तर मशीनकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम घेतलं जात असणार किंवा लाइट कमी पडत असणार. एवढं एक उत्तर मिळालं की निम्मं काम झालं, असं तो म्हणायचा. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायचा. "दोन वस्तू एकदम बदलल्यास तर बरं कशानं झालं ते कळत न्हाई. आनी जे कळलं न्हाई, ते पुन्हा बिघडतं."

त्याचा एक क्रम ठरलेला होता. आधी वायर, मग मशीन, मग डबा, माणूस शेवटी. आवाज फाटला की लोक आधी गाणाऱ्याकडं बघतात, ही त्याची मोठी तक्रार. माझ्या सामानाच्या याद्यांची तो यथेच्छ टिंगल करायचा, "हिला जेवायला वाढा, ही आधी पोच मागल," म्हणायचा. पण त्याचा हा क्रम म्हणजेही यादीच होती, फक्त कागदावर नव्हती.

हा क्रम आमच्या घरापर्यंत आला तो काही वर्षांपूर्वी, राजेश्वर गावातल्या कार्यक्रमानंतर. जयंतीचा कार्यक्रम, गर्दी भरपूर. अक्कानं वरचा सूर धरला आणि डब्यांतून पत्रा कापावा तसा आवाज आला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. समोरच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "बाईचा आवाज गेला की रे." ते अक्कानं ऐकलं. अक्का दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणारी बाई. आमच्या तालुक्यात तिला ओळखतात ती गाण्यामुळं. घर आल्यावर ती मला म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमाला दुसरी बघ."

अण्णानं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना दुकानात बोलावलं. जसं तिथं जोडलं होतं, तसंच सगळं जोडायला लावलं. अक्का दारातच उभी राहिली.

"माझंच नरडं फाटलंय, मशीनला कामून छळायलास?"

"तडी!" अण्णा म्हणाला. कन्नडमधलं हे 'थांब' त्याच्या तोंडात कायम असायचं. "माणसाचा नंबर शेवटी. तू आत ये, आनी माईक न धरता म्हण."

अक्का नाइलाजानं गायली. सूर सरळ वर गेला. समोरचा चहावाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला. "हे फाटलं का?" अण्णानं त्यालाच विचारलं. "न्हाई बा," तो म्हणाला. मग तीच ओळ माईकवर: फाटली. माईक बदलला: फाटली. वायर बदलली: फाटली. मशीन बदललं, तरी तेच. अक्का वैतागली, "त्येच त्येच किती येळ म्हणू रे? पोपट हाय का मी?" "पोपटाला एवढा सूर असता तर तुला कशाला बोलावलं असतं?" शेवटी त्यानं डबा उघडला, स्पीकरच्या कागदी पडद्यावर चारी बाजूंनी बोटं टेकवली आणि हलकेच आत दाबलं. "कान लाव." अक्कानं कान लावला. आतून खर्र खर्र आवाज येत होता. टेम्पोतून उतरवताना डबा पडला होता, आतली गुंडाळी तिरकी होऊन घासत होती. अण्णा उठला, हात पुसले आणि बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "शेवंताचं नरडं पास! डबा नापास!" अक्का त्याला शिव्या देत हसली, आणि पुढच्या कार्यक्रमाला तीच गायली.

त्यानंतर बरेच दिवस सगळं सुरळीत होतं. मग गेल्या एक-दोन वर्षांत आवाज पुन्हा फाटायला लागला. या वेळी कारण सापडायला वेळ लागला नाही. अक्का गाता गाता मशीनवरचं आपल्या माईकचं बटन वाढवायची. माईकचा आवाज मशीनमध्ये शिरतो तिथंच तो मापाबाहेर गेला की फाटतो, आणि पुढं कितीही बारीक केला तरी फाटकाच राहतो. "फाटक्या लुगड्याची घडी बारीक केली म्हणून ते शिवलं जात न्हाई," अण्णा समजावायचा. अक्का मान डोलवायची आणि पुढच्या गाण्याला पुन्हा बटन फिरवायची. आम्हाला वाटलं, थोरली आहे, मान मोठा हवा, आवाजही मोठा हवा. बाया आपसांत हसायच्या. अण्णा मात्र हसला नाही. त्यानं वायर बघितली, मशीन बघितलं, डबे बघितले, लाइट बघितली. मग एका दुपारी बेंजो लावायचं निमित्त करून अक्काला दुकानात बसवलं आणि तिच्या डाव्या बाजूला बसून हळूच तार छेडली. अक्का रस्त्यावरच्या बकऱ्या बघत होती, बघतच राहिली. तो उठून उजव्या बाजूला आला, तेवढ्याच हळू तीच तार छेडली. अक्का तिकडंच बघत म्हणाली, "उतरलाय. जरा चढव."

ती गेल्यावर अण्णानं बेंजो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "वायर झाली, मशीन झालं, डबा झाला. आता कोण उरलं?"

"अक्का," मी म्हटलं.

"तिला सूर कळतो, केसाएवढा फरक कळतो. पर डावा कान गेलाय, उजवा बी कमी झालाय. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत न्हाई म्हणून ती बटन फिरवायलीय. आता कान गेला म्हणून सांगितलं, तर ती उद्याच गाणं सोडल. राजेश्वरला तिला बघितलं न्हाईस का?"

त्यानं जे केलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. त्यानं अक्काच्या माईकचं खरं बटन मशीनच्या आत घेतलं, स्क्रू-ड्रायव्हरशिवाय हात पोचणार नाही असं, आणि योग्य मापावर पक्कं करून टाकलं. बाहेरचं बटन जिथं होतं तिथंच ठेवलं, पण त्याची जोडणी एका लहान डब्याला दिली. हा डबा अक्काच्या उजव्या हाताला, माईकच्या पाठीमागं, तिच्या कानाकडं तोंड करून. अक्कानं बटन फिरवलं की तिचा आवाज फक्त तिच्यासाठी वाढायचा. लोकांना जाणाऱ्या आवाजाला धक्का लागायचा नाही. माईकनं शिट्टी मारू नये म्हणून त्यालाही मर्यादा घातली. सगळ्यांना सांगितलं, हा बेंजोचा डबा. आणि अक्काला सांगितलं, "तुझ्या बटनाला लई ताकद दिलीया. जपून फिरव." पहिल्याच गाण्याला अक्कानं बटन थोडं फिरवलं, चेहरा उजळला, आणि ती पूर्वीसारखी डोळे मिटून गायली. खाली उतरल्यावर अण्णाला म्हणाली, "आता कसं ऐकू जायलंय लोकांला!" तो म्हणाला, "व्हय की. उस्ताद कोण हाय?" स्वतःची एवढी बढाई मारणारा माणूस, पण या कामाची बढाई त्यानं कुणाकडं मारली नाही.

नंतर अण्णा आजारी पडला. बिदरच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा बोलताना त्याला धाप लागत होती, तरी वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे मला ऐकवून झालं होतं. मग म्हणाला, "तिला कानाच्या डॉक्टरकडं ने. मशीन हाय का न्हाई ते विचार, कानात घालायचं. माझं बटन किती दिवस पुरल?"

"नेते."

"यादीत लिही."

"लिहिलं."

"वाच."

मी वाचून दाखवलं, 'अक्का, कान, बिदर.' तो हसला. "आता पोच दे," म्हणाला.

त्या रविवारी विहारात मशीन गौतमनं लावलं. पोरगं काळजीनं काम करणारं, पण त्याचा हिशेब सरळ: बेंजो वाजणार नाही, मग बेंजोचा डबा कशाला न्यायचा? माझ्या सामानाच्या यादीतसुद्धा तो 'बेंजोचा डबा' असाच लिहिलेला आहे. अक्कानं बटन फिरवलं आणि तिच्या उजव्या कानाशी काहीच आलं नाही. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं... समोरचे सगळे तिचा स्वच्छ, सरळ आवाज ऐकत होते. तो ऐकू येत नव्हता फक्त तिला. अण्णा गेल्यावर आपला आवाज गेला, असा तिनं अर्थ लावला. तेवढ्या माणसांत मी काय सांगणार होते?

रमावहिनीनं तो डबा मला दिलाय. माझ्या टेबलावर आहे. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात बसवलेला लहानसा स्पीकर, तळाला अण्णानं रबराचे तुकडे चिकटवलेले, फळीवर ठेवला तर घरघरू नये म्हणून. पेपरच्या पुरवणीसाठी अण्णावर लिहून द्या म्हणून निरोप आला, तेव्हा बेंजोबद्दल, दुकानाबद्दल, त्याच्या तोंडाबद्दल लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्याचं सगळ्यात मोठं काम गाळून त्याच्यावर काय लिहायचं? आणि ते लिहायचं तर अक्काला ते पेपरात वाचून कळणं बरोबर नाही. ते तिला आधी माझ्या तोंडून कळायला हवं. माणसाचा नंबर त्यानं शेवटी ठेवला होता, पण ठेवला होता.

म्हणून कामं अशी ठरवलीत. डबा घेऊन अक्काकडं जायचं. तिच्या उजव्या बाजूला बसायचं. हा लेख तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती नको म्हणाली तर लेख फाडायचा, पाठवायचा नाही. व्हय म्हणाली तर डबा जोडायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसनं दोघींनी बिदरला जायचं.

डबा पिशवीत भरून झालाय. अक्काकडं जायचं अजून राहिलंय.